धान्य बंद

६ ऑक्टोबर, सोम.
घोडेगावला दवाखान्यात जाऊन आलो. यांची शुगर ३१२. पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला भरत नाय. डॉक्टर म्हणले, शुगर लवकर खाली नाय आली तर अंगठा ठेवता यायचा नाय. यांच्या थोरल्या भावाचा असाच आधी अंगठा गेला. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत.
घरी आल्यावर रेखाचा फोन. पोरगी चाकणला दिलीय. तिच्या सासऱ्याची शुगर किटो का काय ते पथ्य करून उतरली म्हणं. "आई, आजपासून धान्य बंद. भात, भाकरी, चपाती काय नाय. तूप, अंडी, शेंगदाणे देत जा. गोळ्या चालूच ठेव."
लिहून ठेवलं. धान्य बंद. खाली दोन रेघा मारल्या.

७ ऑक्टो., मंगळ.
बाजार केला. रोज पाव किलो, अर्धा किलो आणून परवडत नाय, म्हणून एकदम भरला. दुकानदार म्हणला, वहिनी, दसरा झाला, उपासाचा माल पडून हाय, दहा-दहा किलो घ्या, कमी लावतो.
विचारलं, यात धान्य नाय ना?
"उपासाचं हाय ओ. धान्य कसं असंल?"
बरोबरच हाय. इतकी वर्षं चतुर्थी, एकादशी करते, मला कळत नाय व्हय. साबुदाणा दहा, भगर दहा, राजगिरा, बटाट्याची अर्धी गोण, शेंगदाणे. अंडी महाग, एक डझनच घेतली. कंडक्टर म्हणला, मावशी, एवढा उपास केला तर देवच घाबरंल. म्हणलं, तू तिकीट फाड.

९ ऑक्टो.
सकाळी खिचडी, वर तूप. दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी. रातच्याला बटाट्याची भाजी नि राजगिऱ्याचं थालीपीठ. हे खूश. म्हणतात, असं खायला मिळणार असतं तर शुगर आधीच लावून घेतली असती. भात कापायला आलाय नि घरात शिजत नाय. मी पण नाय खात. यांच्यासमोर कसं खायचं.

१२ ऑक्टो., रवि.
हे सारखे झोपतात. घागरभर पाणी पितात, सारखे लघवीला. रेखाला सांगितलं. ती म्हणली, पहिले आठ दिवस अंग गळतं, सासऱ्यांचं पण गळालं व्हतं, घाबरू नको.
बरं. घाबरत नाय.
पट्टी ओली व्हती. वास...

१४ ऑक्टो., मंगळ.
सरकारी दवाखान्याची आशाताई आली शुगरचं मशीन घेऊन. आमच्याच वाडीतली सून, मला काकू म्हणते. यांच्या बोटाला टोचलं. ४६८. मशीन बिघडलं म्हणून परत टोचायला लावलं. ४७१.
म्हणली, काकू, जेवायला काय देता? सगळं सांगितलं. धान्याचा एक दाणा पोटात नाय, म्हणलं.
"काकू, साबुदाणा, भगर, बटाटा... ही सगळी साखरच हाय. साबुदाणा तर भातापरीस जास्त."
मी भांडले तिच्याशी. उपासाचं हाय म्हणलं. शिकलेल्या पोरींना उपास ठाऊक नाय म्हणलं. ती यांना दवाखान्यात न्यायला गाडी बघायला गेली.
रेखाला फोन लावला. आकडा सांगितला. ती म्हणली, आई, मी धान्यच म्हणले गं. मला काय ठाऊक.
तिचं काय चुकलं. मला विचारायला तोंड व्हतं ना.

१५ ऑक्टो.
दवाखान्यात ठेवून घेतलं. सलाईन, इंजेक्शन. डॉक्टरनी विचारलं, पथ्य पाळलं का? हे म्हणले, "हिनं लई जपलं. धान्याला शिवू दिलं नाय."
मी खिडकीकडं बघत बसले. आठ दिवस माझ्या हातानं वाढलं. तूप सोडून वाढलं. डॉक्टरला व्हरांड्यात गाठून खरं सांगितलं. यांना नाय सांगितलं.

१७ ऑक्टो., शुक्र.
शुगर २४०. डॉक्टरनी कागदावर लिहून दिलं, किती नि काय. इंजेक्शन चालू असताना खाणं एकदम तोडायचं नाय, अर्धी भाकरी द्यायची, म्हणले. म्हणजे किटो पण आपल्या मनानं नाय.
पोल्ट्रीवरून तडकलेल्या अंड्यांचे दोन ट्रे आणले, निम्म्या भावात. मेथी जुडग्यानं. पनीर डेअरीवरून थेट. प्रत्येक वस्तू नर्सला दाखवते, ही चालंल का? ती वैतागली. मिठाचं पण विचारलं.
दुकानदार माल परत घेईना. दिवाळीत उपासाचं कोण खातंय, म्हणला. गोण्या घरात हायत. माझी जाऊ म्हणली, मला दे. कुणाला द्यायचं धाडस व्हत नाय.

१८ ऑक्टो., शनि.
उद्या पट्टी सोडून बघणार. अंगठ्याचं ठरवणार. नर्स म्हणली, दुखलं तर सांगा, दुखणं चांगलं, म्हणजे बोटात जीव हाय. यांना विचारलं. म्हणतात, काय दुखत नाय, तू उगं भितीस.
दुपारी हे अंड्यांना किती नावं ठेवावीत ते ठेवत व्हते, कोंबड्या पण कटाळल्या असतील म्हणले. मी पायाशी बसले व्हते. पट्टीच्या शेजारचं बोट धरलं. दाबलं. मग नख रुतवलं, जोरात.
हे बोलतच राहिले.