न पोहता मिळालेलं सर्टिफिकेट

रवि. ८ जाने. १९७८

क्लबच्या कमिटीत ठराव पास. रंकाळ्यावर क्लबची होडी चालवायची असेल त्याने आधी तीन रविवारचा कोर्स करायचा, चौथ्या रविवारी पोहण्याची परीक्षा द्यायची, मग सर्टिफिकेट. त्याशिवाय वल्हं हातात मिळणार नाही, मेंबर असो की मेंबरचा मेव्हणा. दिवाळीत कॉलेजच्या पोरांनी चौघांच्या होडीत नऊ जण कोंबले होते, थोडक्यात वाचले. त्यावरून ठराव. मांडला कुणी? मीच.

अध्यक्ष आबासाहेब (शिरोलीला फौंड्री, आवाज फौंड्रीच्या भोंग्याचा) म्हणाले, "मास्तर, पयलं सर्टिफिकेट तुमचंच बगा! पुरात पुलावरनं उडी टाकणारा गडी!" सगळे हसले. मीही हसलो.

पुलावरून मी कधीच उडी टाकलेली नाही. वीस वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरचा माणूस आणि पोहता येत नाही असा असतो का? तेव्हा बोलून गेलो. मग ती उडी दर पावसाळ्यात थोडी उंच होत गेली. कमरेच्या वर पाणी आलं की मला घाम फुटतो. हे फक्त मंगलला माहीत. बायकोपासून काय लपणार.

१५ जाने. रवि.

कोर्सचा पहिला दिवस. शिकवणारा दस्तगीर. माझा जुना विद्यार्थी, नववी ब, शेवटचा बाक. आता क्लबच्या होड्या सांभाळतो. पाण्यात पडला की बाहेर यायचं नाव घेत नाही.

"नियम एक. होडीत उभं ऱ्हायाचं न्हाय. आभाळ कोसळू दे, बुडाखालची फळी सोडायची न्हाय." मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा. मग लाइफ-जॅकेट कसं बांधायचं, दोर कसा फेकायचा. वारं कुठून येतंय हे मात्र मला विचारलं. "भूगोल तुमचा, सर. तुम्हीच सांगा की."

छान शिकवतो. मी त्याला नववीत किती वेळा बाकावर उभा केला असेल.

५ फेब्रु. रवि.

परीक्षा. घाटापासून पाण्यात तरंगत बांधलेल्या ड्रमपर्यंत आणि परत.

ताप आहे म्हणून सांगायचं ठरवून गेलो होतो, पण आबासाहेबांनी घाटावरच पाठीवर थाप मारली. माझं नाव पुकारलं. शर्टाची बटणं निघेनात. थंडी आहे म्हणालो.

दस्तगीर पुढे आला. कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. "सर, तुमची परीक्षा म्या घ्यायची? जीभ झडंल माझी." वाकून पाया पडला.

आणि मी आशीर्वाद दिला! दस्तगीर, मला पोहता येत नाही. एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. वर्गात दिवसभर तोंड चालू असतं माझं.

सर्टिफिकेट नं. १. मं.ने भाकरी थापता थापता वाचलं. "कुणाचं म्हनायचं ह्ये?" विचारून तव्याकडे वळली. ती आजऱ्याची, माहेरच्या विहिरीत काष्टा मारून उड्या टाकलेली. कोर्सला बायकांना बोलवावं हे कमिटीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

१२ फेब्रु. रवि.

घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी मं.ला होडीत नेलं. हट्ट माझाच. बायकोला सर्टिफिकेट दाखवून काय उपयोग, होडी चालवून दाखवू म्हटलं. फळी ओली होती. तिचं लुगडं खराब होऊ नये म्हणून दोन्ही जॅकेटं फळीवर अंथरली आणि त्यावर तिला बसवलं. तीन रविवार काय शिकलो मी!

घाटापासून वीस-पंचवीस हात गेलो असू. काठावर आमचे रिटायर हेडमास्तर फिरायला आलेले. त्यांनी मला ओळखून काठी वर केली. मी वल्ही सोडली, उठलो आणि दोन्ही हात जोडले. बसून नमस्कार करता येतो हे सुचलंच नाही. त्यांच्यापुढे सतरा वर्षांत मी कधी बसलेलो नाही.

होडी उलटली.

नाकातोंडात पाणी. मग मागून कुणीतरी कॉलर धरली. मं. "हात मारू नगा! गप पडा म्हनते न्हवं!" लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढ्या मोठ्यांदा ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. एका हाताने मला ओढत काठाला आणलं. पाय टेकले तेव्हा तिच्या पायात लुगडं गुंतलं, ती तोल जाऊन पडायला लागली, मी दंडाला धरून सावरलं. धावत आलेल्या लोकांनी नेमकं तेवढंच पाहिलं.

"मास्तरांनी बाईस्नी काढलं! वाचीवलं रं!"

हेडमास्तर म्हणाले, मी स्वतः पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत त्यांच्या.

मं. पदर पिळत होती. माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. धाप लागली होती. पण बोलता येऊ नये इतकी नव्हती.

१४ फेब्रु. मंगळ.

प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभं करून टाळ्या. मधल्या सुट्टीत आबासाहेब हजर. २६ तारखेला सत्कार, शाल-श्रीफळ. शिवाय नव्या बॅचची परीक्षा आता मास्तरांनीच घ्यायची, सर्टिफिकेटवर सही मास्तरांची. कॉलेजची वीस पोरं आहेत.

"नको, आबासाहेब."

"आसला मानूस न्हाय म्हननारच की!"

१८ फेब्रु. शनि.

शाळा सुटल्यावर दस्तगीरला गाठलं. होडी पालथी घालून डांबर लावत होता. मला बघून उठून उभा राहिला.

म्हटलं, "तू त्या दिवशी घाटावर होतास."

"व्हय. बगितलंया सगळं. बाईंनी वडलं तुम्हास्नी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू सर? त्या कागदावर सही माझी हाय. तुम्ही बुडला असतासा तर म्याच मारलं असतं की तुम्हास्नी." बोलता बोलता रडायला लागला. दोन पोरांचा बाप. म्हणाला, क्लबाला कळलं तर मला ठेवतील व्हय?

म्हणजे खरं बोललो तर त्याची नोकरी जाते. गप्प बसलो तर वीस पोरं माझ्या सहीवर पाण्यात जाणार. हा पेच घेऊन घरी आलो. आणि खरं लिहायचं तर वाटेत बरं वाटत होतं. गप्प बसायला कारण मिळालं होतं, तेही दुसऱ्याच्या भल्याचं. थू माझ्या जिनगानीवर.

२० फेब्रु. सोम.

मं.ला म्हटलं, सत्काराला तुलाही पुढच्या खुर्चीत बसवणार आहेत.

"तुमी सांगा न्हायतर नगा सांगू. म्या कुनाला सांगत न्हाय. पन त्या खुर्चीत मी बसायची न्हाय."

भांडली असती तर बरं झालं असतं. ताटात नेहमीसारखं तूप वाढलं.

२६ फेब्रु. रवि.

सत्कार झाला. मं. आली नाही. बाईंची तब्येत अजून नाजूक आहे असं आबासाहेबांनीच माइकवरून सांगून टाकलं.

मी बोललो. खरं बोललो. "मंडळी, मला पोहता येत नाही. बायकोनं मला बाहेर काढलं." अक्षर न् अक्षर हेच.

हशा पिकला. मग टाळ्या. आबासाहेबांनी माइक ओढून घेतला, "बगा, ह्येला म्हनत्यात मोठेपना!" पुन्हा टाळ्या. दस्तगीर मागे खांबाला टेकून खाली बघत होता.

मी हसत बोललो होतो. स्टाफरूममध्ये उडीची गोष्ट सांगायचो त्याच आवाजात, मधे थांबून, लोकांना हसायला जागा ठेवून. कुणी विश्वास ठेवणार नाही अशा बेताने खरं बोललो. आपोआप झालं असं इथे लिहिणार होतो. आपोआप नाही झालं.

घरी मं. दारातच. "सांगितलासा?"

"सांगितलं."

"मग ही शाल कशाची?"

२७ फेब्रु. सोम.

शाळेत रजा टाकली. सकाळपासून अध्यक्षांना पत्र लिहितोय. सर्टिफिकेट नं. १ परत करत आहे. परीक्षा झालीच नाही, दोष सर्वस्वी माझा. नव्या बॅचची परीक्षा मी घेऊ शकत नाही, ती दस्तगीरनेच घ्यावी. दस्तगीरला सांभाळून हे कसं लिहायचं तेच जमत नाही. सहीचं काय सांगू? आणि पत्र वाचून आबासाहेब परत हसले तर?

दुपारी मं. तांदूळ निवडत शेजारी बसली. म्हटलं, वाचून दाखवतो. दीड पान ऐकलं तिनं. मधेच हात थांबला.

"बाहीर कुनी काढलं त्ये कुठं हाय ह्यात?"

बघितलं. "होडी उलटली. सुदैवाने जीव वाचला." एवढंच होतं.

सूप घेऊन आत गेली.

नवीन कागद घेतला आहे. "माझी पत्नी सौ. मंगल हिने" इथपर्यंत आलोय.