कंदील पेटला

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार आणि भाच्याच्या पाठीत एक लाडाचा धपाटा.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतेस आणि मागे आई कान टवकारून बसलेली असते.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, भात आता करपत नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, म्हणून कोपऱ्यावरच्या जिममध्ये जातो.

परवा ट्रेडमिलवर जरा जोरात पळालो आणि नेहमीचंच झालं. घामाने अंघोळ, तोंड लालभडक. घरी असतो तर तू ओरडली असतीस, "कंदील पेटला!" आणि सगळे खो खो हसले असते. इथल्या ट्रेनर बाईंनी घाबरून मशीनच बंद केलं आणि मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, "अहो, माझं लहानपणापासून असंच होतं." त्या म्हणाल्या, "हे सांगणारं घरचं कोणी आहे का इथे?"

मी पाणी पीत राहिलो.

नंतर डॉक्टरांनीही तपासलं, काही निघालं नाही. आईला मात्र बोलू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत? भाच्याचा हलणारा दात पडला का?

बाईंना तुझा नंबर दिलाय. अनोळखी फोन आला तर घाबरू नकोस, फक्त सांग की त्याचं असंच होतं. तू ते सांगत असताना मला बाईंच्या शेजारी उभं राहून ऐकायचंय.

तुझाच,
कंदील