राक्षस पडला गावचा

रत्नागिरी,
२० नोव्हेंबर

चि. राहीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुझी खुशाली तुझी आई फोनवर बोलते तेव्हा पलीकडच्या खोलीतून ऐकतो, म्हणून वेगळी विचारत नाही. थंडी पडू लागली आहे. बागेत दोन कलमं मोहरली. आईचा गुडघा दुखतो, पण ऐकते कोण. आपण दोघं बोललो नाही त्याला दीड वर्ष होऊन गेलं, ते राहू दे.

तर, तू लिहिलेलं पुस्तक टपालाने आईच्या नावावर आलं. तिचे डोळे चार पानांतच थकतात, म्हणून म्हटलं, बघू तरी कार्टीने काय दिवे लावलेत.

दुपारी जेवून पडवीत आडवा झालो आणि उघडलं. बाय, मी असला हसलो की आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. जादूची तलवार कातळात रुतलेली, आणि आपला नायक ती काढायला चिरेखाणीतला मशीनवाला बोलावतो. भविष्यवाणीचा अर्धा कागद वाळवीने खाल्लेला, त्यामुळे राज्य वाचवायचं की बुडवायचं हेच कुणाला ठाऊक नाही. उडता घोडा उंचीला घाबरतो, म्हणून आरे-वारेच्या रस्त्याने चालत जातो. शाळेत असताना मीही असली जादूगारांची पुस्तकं वाचायचो आणि सगळं खरं मानायचो. तू त्या सगळ्यांची टोपी उडवलीस, पण माया ठेवून उडवलीस.

आठ दिवस मी त्यातच होतो. वाचता वाचता डोळा लागायचा, आणि जाग आली की पुस्तकातलं कुठलं नि घरातलं कुठलं ते चटकन कळायचं नाही. परवा कातळावरून येताना पिवळं गवत हललं. वाटलं, घोडाच. मी वाट सोडून बाजूला उभा राहिलो, त्याला जायला मिळावं म्हणून. ऊन उतरलं होतं, वाऱ्याला समुद्राचा वास होता. बराच वेळ तसाच उभा होतो. कोणी बघितलं नाही ते बरं.

मग शेवटाकडे आलो. राक्षसापुढे नायकाची तलवार मोडते. तो घाबरून हात जोडतो आणि गावच्या सवयीने गाऱ्हाणं घालतो, की बा देवा म्हाराजा, ह्या राक्षसाचं नावनिशाण ठेवू नको. आणि राक्षस पडला आपल्याच गावचा. गाऱ्हाणं कानावर आलं की मान खाली आणि तोंडातून होकार, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो भक्तिभावाने म्हणतो, "व्हय म्हाराजा." आणि तिथल्या तिथे धूर होऊन जातो.

पोट धरून हसलो. पान उलटलं, आणि मग हसू आलं नाही.

गेल्याच्या आदल्या शिमग्यात पालखी आपल्या दारी आली होती. तू बँकेतली नोकरी नुकतीच सोडलेलीस. गाऱ्हाणं मी घातलं. अख्ख्या वाडीसमोर म्हटलं, माझ्या लेकीच्या डोक्यातलं लिहिण्याचं खूळ मुळासकट जाऊ दे. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यात तुझाही आवाज होता. सवयीने निघाला, हे तुझं तोंड बघून मला तेव्हाच कळलं. लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला गेलीस, आणि मी आजवर आईला सांगत आलो की पोरगी तापट आहे.

बाय, माझं चुकलं. देवापुढे लेकरासाठी मागतात, लेकराविरुद्ध नाही. काल देवळात जाऊन ते गाऱ्हाणं मागे घेतलं. गुरव म्हणाला, असं मागे घ्यायची रीत नाही. मी म्हटलं, आजपासून आहे. होकार द्यायला तो एकटाच होता, पण दिला त्याने.

तू दुसरा भाग लिहिते आहेस असं ऐकलं. माझं एक मागणं आहे. पटलं नाही तर सरळ नाही म्हण, मला राग येणार नाही. त्या राक्षसाला परत आण. गाव त्याचंही होतं, आणि तो गेल्यापासून त्याच्या बापाला तिथे करमत नाही.

तुझाच,
बाबा