ओवाळलेला मामा

प्रिय अरू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. मुद्दाम तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी सगळ्यांसमोर उघडलं जाऊ नये म्हणून. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून. शाळेची सगळी वर्षं माझ्या डब्यातल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या आहेस, तेवढा हक्क मला आहे.

चारुदत्त नोकरीसाठी इकडे सिंगापूरला निघाला तेव्हा तूच म्हणाली होतीस, तुला सख्खा भाऊ नाही ना, घे माझा. मी घेतला. दर भाऊबीजेला टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये पाट मांडून त्याला ओवाळलं, त्याच्या आवडीची बासुंदी आटवली. माझी गार्गी त्याला मामा म्हणू लागली. तू तुझ्या इराला घेऊन सुट्टीत आलीस की दोघी पोरी त्याचा पिच्छा सोडायच्या नाहीत, आठवतं? इथे काका ढिगाने मिळतात, महाराष्ट्र मंडळात भेटेल तो काका. मामा मात्र एकच होता, आणि मामाला आपण कुठलंच दार लावत नाही.

त्यात गार्गीचं मराठी. काहीही विचारलं की उत्तर इंग्रजीत, वर शेवटी ते सिंगापुरी 'लाह'. चारू म्हणाला, मी रोज तिच्याशी मराठीत चॅट करतो, बघ कशी सुधारते ती. तेरा वर्षांची पोर फोनवर देवनागरीत लिहितेय हे बघून मी हुरळून गेले. मंडळातल्या चार बायकांना मिरवून सांगितलं. इथल्या मराठी आईला फसवायला फार काही लागत नाही ग, मुलीला मराठी शिकवतो म्हटलं की पुरे.

जूनच्या सुट्टीनंतर गार्गीनं घरात मराठी बोलणंच सोडलं. आजीच्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा नुसती मान हलवायची. तिचा बाबा, वरुण, म्हणाला, वय आहे, जाऊ दे. शेवटी तिनं शाळेतल्या काउन्सेलर बाईंना सगळं सांगितलं, इंग्रजीत. त्यांनी पोलिसांना कळवलं आणि आम्हाला बोलावून घेतलं. त्या खोलीत गार्गी माझ्याकडे न बघता बुटांच्या नाड्या सोडत होती आणि परत बांधत होती.

तू फोनवर म्हणालीस, नुसते मेसेजच तर होते, हात कुठे लावला त्यानं? अरू, मी ते मेसेज वाचलेत. तुला सांगणार नाही, माझ्या हातून ते लिहिले जाणार नाहीत. इथला कायदा हात लावण्याची वाट बघत बसत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलीला तसलं लिहिणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडच्या पोक्सोतही तो गुन्हाच आहे, कुणालाही विचार. आणि तू म्हणतेस तशी केस मागे घ्यायला ती माझी राहिलीच नाही, सरकारची झाली. माझी असती तरी मी घेतली नसती. गार्गीचं नाव कुठेही छापायला बंदी आहे, त्यामुळे मंडळात कुणाला काही माहीत नाही. बायका विचारतात, भावाशी बिनसलं का? मी विषय बदलते. आपल्या भाषेतली ती घाण आता कुणी दुभाषी कोर्टासाठी इंग्रजीत उतरवणार, याची मला लाज वाटते. खरं तर लाज त्याला वाटायला हवी.

तुझे हाल मला कळतात. आई गेल्यावर तूच त्याला लहानाचा मोठा केलास, स्वतःचं कॉलेज सोडून. तो असं करेल हे मीही दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर मानलं नसतं. पण गार्गी खोटं बोलते असं तू म्हणालीस, त्याचा राग माझ्या मनात आहे. तो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी मी पालेभाजी निवडत बसले होते. गार्गी शेजारी येऊन बसली, एक जुडी ओढून घेतली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी मराठीत बोलली. म्हणाली, आई, मामा इरालापण तसंच लिहितो. तो मला म्हणायचा, इरा शहाणी आहे, ती तिच्या आईला काही सांगत नाही. हे मी इथल्या पोलिसांना कळवलंय. त्यांच्याकडून तुला काही कळण्याआधी तू इराजवळ बस. तो तुझा भाऊ आहे हे तेवढ्यापुरतं विसर. रागावू नकोस, मध्ये बोलू नकोस, ती ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐक. आणि तिच्यावर विश्वास ठेव, अरू.

तुझीच, अजूनही,
संजू