लाल दोऱ्याच्या ओळीत

भोकरदन,
२५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
मनीषाचा वाकून नमस्कार. वि. वि.

आधी बातमी सांगते, नाहीतर मी दोन पानं हवापाण्यात घालवीन. जालन्याच्या व्यापारी महिला मंडळानं यंदाचा उद्योगिनी सन्मान मला द्यायचं ठरवलं आहे! जिल्ह्यातून एकच नाव निवडतात. समारंभ २० ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, जालन्यात. मंडळाच्या अध्यक्षा संतोषबाई यांचा फोन आला तेव्हा मी शेडनेटमध्ये होते. ऐकून तिथंच मातीत बसले. बायकांना वाटलं घरी काही वाईट झालं. खरं कळल्यावर त्यांनी एवढा गलका केला की हे बांधावरून काठी घेऊन धावत आले आणि साप कुठं आहे म्हणून विचारू लागले.

तुझ्या नातीनं, छकुलीनं मागच्या पत्रात विचारलं होतं की माझ्या शेडनेटमध्ये बत्तीस बायका दिवसभर करतात तरी काय. तिला सांग, मिरचीचं जे संकरित बियाणं दुकानात पुडीत मिळतं, ते एकेका फुलाला हात लावून तयार होतं. दुपारी उद्याच्या कळ्या चिमट्यानं सोलून ठेवायच्या, सकाळी सात ते अकरा त्यांना नर झाडाचा पराग बारीक कांडीनं लावायचा आणि देठाला खुणेचा लोकरीचा दोरा बांधायचा. अकरानंतर काही उपयोग नाही. आमच्याकडे प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी कुणाच्या हातचं फूल धरलं आणि कुणाचं गळलं ते सगळ्यांना दिसतं. आमच्यातल्या बेबीनंदाचा दोरा लाल. तिचं फूल सहसा गळत नाही. माझा निळा. माझा हात जड, म्हणून दोन वर्षं मी दोरा हातात घेतलेला नाही. मी रोपं, नव्या बायकांना शिकवणं आणि बियाणं कंपनीशी बोलणी एवढं बघते.

आता दुसरी गोष्ट. मंडळाच्या बायका पाहणीला आल्या तेव्हा सगळ्यात लगडलेल्या झाडापाशी मला उभं करून फोटो काढला. ही फुलं तुम्हीच धरवलीत का, असं संतोषबाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. नीट ऐकू आलं नव्हतं असं सांगता येईल, पण नीट ऐकू आलं होतं. फोटो वर्तमानपत्रात आला. खाली माझ्या हातांची स्तुती आणि फोटोभर लाल दोरे. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्या बायकांनाही आमच्याकडे तो फोटो वाचता येतो. बेबीनंदानं पाहिला, घडी घालून परत दिला. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. मी मंडळाला खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं आहे, चौथा मसुदा चालू आहे. सन्मानच काढून घेतला तर, असं मनात येतं, आणि असं मनात येतं याचीच लाज वाटते.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीनं बरं. हे मला मोठ्यानं बोलता आलं नसतं. गुडघ्यांना जप, आणि हे वाचूनही माझ्यावरचा जीव कमी करू नको.

तुझी,
मनीषा


आष्टी,
२ ऑक्टोबर

चि. सौ. मनीषास,
आसराबाईचे पोटभर आशीर्वाद. (आजी बोलून राह्यली, मी जशाला तसं लिहून राह्यले. – छकुली)

तुझं पत्र छकुलीनं कानापाशी तोंड नेऊन तीनदा वाचलं अन् तिन्ही वेळा सन्मानापाशी मी टाळ्या वाजवल्या. शेजारची चांगुणाबाई इचारती, शाल देतेत का. मी म्हणलं, शालीचं काय घिऊन बसलीस, समदी सभा उठून उभी राह्यती! बराबर हाय ना? नसंल तरी मी सांगून बसले, आता तू बघ.

अन् दुसऱ्या गोष्टीचं ऐक. तुझा बाप बी असाच व्हता. शेजाऱ्याची शेळी चुकून आपल्या कळपात आल्ती, तर गावभर सांगत फिरला, शेजाऱ्याच्या दाराला मातर गेला न्हाई. तू मला लिव्हलं. मंडळाला लिहून राह्यली. वहीत तर मनातलं रोजच लिव्हती, मला समदं ठावं हाय. अन् बेबीनंदा तुझ्यापून दहा पावलांवर बसती, तिच्याशी काय बोलली? बिलकुल काही न्हाई. कागुद उलटून बोलत न्हाई, म्हणून तुला कागुद ग्वाड लागून राह्यला. ती फोटोवर रुसली का अजून कशावर, हे इचारल्याबिगर तुला कसं कळंल? जल्दी जा तिच्याकडं. मंग मंडळाचं बघू.

दोन घास जास्तीचे खा अन् म्हातारीची याद ठिव.

तुझी आत्या,
आसराबाई

ता. क. मनीषाआत्या, आजीनं जांभळं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकलंय. कशाला ते तुला लिहायचं न्हाई म्हणली. – छकुली


भोकरदन,
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
कोपरापासून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी गेले. बेबीनंदा कळ्या सोलत बसली होती. शेजारी बसून सगळं सांगितलं. तिनं चिमटा थांबवला नाही. माझं झाल्यावर म्हणाली की फोटोचं तिला आधी हसूच आलं होतं, कारण मी ज्या फांदीला धरून उभी होते ती तशी धरली तर फुलं गळतात. पाहुण्यांसमोर तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही हे तिला लागलं, ते तिनं लपवलं नाही. पण खरं दुखणं वेगळंच होतं.

निम्म्या बायकांना समारंभाला न्यायचं, निम्म्यांनी मागं फुलं सांभाळायची, अशी यादी मीच केली होती. थांबणाऱ्यांत पहिलं नाव बेबीनंदाचं, कारण तिच्यासारखा हात कुणाचा नाही. ती म्हणाली की अकरा हंगाम झाले, फुलांच्या दिवसांत सकाळी सात ते अकरा ती या जाळीबाहेर कधी गेलेली नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीलासुद्धा दुपारी पोचली. हात चांगला असल्याची ही शिक्षा आहे का ताई, असं तिनं विचारलं. आत्या, मी स्वतःला दुसऱ्याचा विचार करणारी बाई समजते. ती यादी मी पाच मिनिटांत केली होती आणि त्या यादीबद्दल माझ्या वहीत एक ओळही नव्हती.

मी म्हणून गेले की मग तूच जा, सन्मान तूच घे, तुझ्या ओळी मी करते. ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली आणि म्हणाली, माझ्या ओळी तुमच्या हातात? तिला सन्मानापेक्षा त्याचीच धास्ती! शेवटी रोज सकाळी तिच्यासमोर सराव करायचा या अटीवर कबूल झाली. संतोषबाईंना फोन करून खोटं बोलल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या की सन्मान व्यवसायाला आहे, तो राहील. फोटोखालचा मजकूर मात्र त्या व्यासपीठावरून दुरुस्त करतील. मी येणार नाही हे कळल्यावर तब्येत बरी आहे ना म्हणून त्यांनी तीनदा विचारलं.

आता मी खूश आहे की घाबरलेली, मलाच कळत नाही. सकाळी चहाचा कप धरतानाही बोटं हलकी ठेवायचा प्रयत्न करते. असाच कान पिळत राहा.

तुझी,
मनीषा


आष्टी,
२१ ऑक्टोबर

चि. सौ. मनीषास,
रागावलेल्या आत्याचे आशीर्वाद. (राग खोटा हाय. – छकुली)

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. अन् मी काल जालन्याला जाऊन आल्ते! तुला चकित करायला जांभळं लुगडं नेसून, शेंगदाण्याचे लाडू घिऊन, पहिल्या येष्टीनं. एकदम म्होरच्या खुर्चीत बसले. तुझं नाव पुकारलं तसं मी उठून टाळ्या वाजवायला लागले, अन् वर कोण चाललंय? एक काटकुळी बाई, मनगटाला लाल दोरा गुंडाळलेला. मला वाटलं आपली मनी आजारानं वाळली. छकुलीनं कानात वरडून सांगितलं की ही मनीषाआत्या न्हाई.

संतोषबाईनं ती फुलं कुणाच्या हातची ते माईकवरून सांगितलं अन् बेबीनंदाला दोन शब्द बोल म्हणाली. ती म्हणली, आमच्या ताई यावख्ती माझ्या ओळीत बसल्यात, त्यांनी कांडी जोरात दाबली नसंल तर बरं. मंग भिताडावरच्या घड्याळाकडं बघून इचारती, मी निघू का, दुपारच्या कळ्या सोलायच्या हायेत. समदी सभा हसली अन् मंग उठून उभी राह्यली. खरंच उभी राह्यली गं! चांगुणाबाईला सांगितलेलं खरं झालं.

लाडू बेबीनंदाला दिले, तुला पोचवायला. पोचले न्हाईत ना? मला ठावं व्हतं. जीपमधल्या बायांनीच संपवले असतील. तुला वर बघायचं राह्यलं याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पर तुझ्या ओळीचं काय झालं ते जल्दी कळीव. मला झोप न्हाई.

माया हाय तशीच हाय, काळजी करू नको.

तुझी आत्या,
आसराबाई


भोकरदन,
३० ऑक्टोबर

ती. आत्यास,
मनीषाचा नमस्कार आणि कान धरून माफी. वि. वि.

लाडवांचा रिकामा डबा पोचला. तू तिथं होतीस हे बेबीनंदाकडून कळलं तेव्हा मला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं मला सांगितलं की एक म्हातारी तिलाच मनीषा समजून सगळ्यात आधी उभी राहिली होती.

त्या सकाळी मी एकशे चाळीस फुलं केली. बेबीनंदा तेवढ्या वेळात तीनशे करते. साडेनऊला उठले, पाणी पिऊन पुन्हा बसले. तिच्या लाल ओळीत माझे निळे दोरे बांधताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. नंतर नऊ दिवस तिनं मला त्या ओळीकडं फिरकू दिलं नाही. रोज एकटी जाऊन बघायची आणि तोंड मिटून परत यायची. मी वहीत रोज एकच वाक्य लिहीत होते: आज काही बोलली नाही.

आज सकाळी तिनं हाक मारली. खाली वाकून पानं बाजूला केली. निळ्या दोऱ्याशी करंगळीच्या नखाएवढी हिरवी मिरची होती, आत्या! पुढच्या झाडावर दोन. त्यापुढच्यावर एकही नाही, नुसता दोरा लोंबत होता. पण एकंदर निम्म्याहून जास्त धरली आहेत. मी एवढ्या जोरात ओरडले की हे पुन्हा काठी घेऊन आले.

सन्मानचिन्ह रोपांच्या खोलीत ठेवलं आहे. येता-जाता प्रत्येक बाई त्याला हात लावून जाते. थांबणाऱ्यांची यादी आता दर वेळी चिठ्ठ्या टाकून करायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझंही नाव त्यात आहे.

तू दिवाळीनंतर ये, माझ्या मिरच्या तुला दाखवते. फक्त अकराच्या आत माझ्याशी बोलायला येऊ नको. शेवटची ओळ बेबीनंदानं माझ्याकडं दिली आहे, आणि उद्या सातला हजर राहायला सांगितलं आहे.

तुझ्या मायेच्या जोरावर,
मनीषा