पंख्याची काठी

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

चालला! हॉलमधला, मी स्वतः बनवलेला पंखा आज काठीशिवाय चालला. इतके दिवस बटण दाबलं की उलटा हिसका देऊन अडकायचा, आणि आई काठीने पातं ढकलायची. मोटर खराब? छे. आतलं चुंबक कुठे थांबलंय हेच सर्किटला कळत नव्हतं.

ऑफिसातला समीर म्हणायचा, "सेन्सर लाव ना यार, कशाला डोकं फोडतेस?"

नाही लावला! आता सर्किट आधी बारीकसा करंट सोडून चुंबकाची जागा ओळखतं, मगच ढकलतं. सुचलं कसं मला?

आज आईने बटण दाबलं, सवयीने काठी उचलली. पंखा सरळ फिरला. ती बसली, आणि त्या काठीला जळमटं काढायचा कुंचा परत बांधून टाकला.