शांत खोलीच्या नोंदी

२ ऑक्टोबर

ओपलची दोन नखं मुळापासून उखडलेली. बसमधून उतरली तेव्हा मुठी घट्ट मिटलेल्या, उघडेचना. माझी आठ वर्षांची लेक, जन्मापासून एक शब्द बोललेली नाही – विचारू कुणाला? दप्तरातल्या वहीत बाईंनी हसरा चेहरा चिकटवलेला. ‘आजचा दिवस छान गेला!’

छान!

३ ऑक्टोबर

शाळेत दोनदा फोन केला. ‘निरोप देते हं.’ उलट फोन नाही.

४ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकून शाळेच्या दाराशी उभी राहिले. प्रूइट बाई – ओपलच्या विशेष वर्गाच्या शिक्षिका – घाईत. ‘जरा चिडली होती, म्हणून शांत खोलीत बसवलं.’ कसली शांत खोली? ‘अहो, सगळ्यांसाठीच असते ती!’ आणि गेल्या आत.

मी काय म्हणाले? ‘बरं.’ बरं म्हणाले मी!

५ ऑक्टोबर

आज ओपल बसमध्ये चढेना. दारातला दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी – मी स्वतः – तिची बोटं एकेक करून सोडवली. तिला घेऊन बस गेली. मग कामावर, वृद्धाश्रमात, दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या.

६ ऑक्टोबर

शेजारच्या बर्नडेटला सांगितलं. तिचा मुलगाही असाच, आता तिशीचा झालाय. म्हणाली, ‘फोनचं काय घेऊन बसलीस? बोललेलं हवेत विरतं. लिही. तारीख घाल. काय हवं ते नेमकं माग, आणि कधीपर्यंत हवं तेही सांग.’

लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात ‘तुम्ही राक्षस आहात’. तिनं ते खोडलं. ‘राक्षस मनात ठेव, लॉर्ना. कागदावर नखं लिही.’ शेवटी चार ओळी उरल्या. नखांचा फोटो. शांत खोलीच्या सगळ्या नोंदी द्या. बैठक बोलवा. जिल्ह्याच्या विशेष शिक्षण विभागाला पाठवलं.

ड्वाइटचा ट्रकवरून फोन. ‘वैर घेऊ नकोस गं. गावात दुसरी शाळा नाही.’ नवऱ्याचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

शाळेनं माझ्यावरचा राग ओपलवर काढला तर? ती सांगणार कशी?

९ ऑक्टोबर

पत्र मिळालं, एवढंच उत्तर. तिला पुन्हा बसमध्ये बसवलं.

१८ ऑक्टोबर

नोंदी आल्या. तीन पानं. ऑगस्टपासून चौदा वेळा! ‘अकरा मिनिटे.’ ‘सात मिनिटे.’ ‘बावीस मिनिटे. दार बाहेरून धरून ठेवले.’

न्हाणीघराचं दार लावून, दिवा बंद करून आत बसून पाहिलं. बावीस मिनिटांचा गजर लावला होता. नवव्या मिनिटाला बाहेर आले.

२४ ऑक्टोबर

बैठक झाली. टेबलापलीकडे सहा जण, अलीकडे मी आणि बर्नडेट. विभागाच्या प्रमुख हॅवरकँप बाई गोड बोलत होत्या. बोलता बोलता एक कागद माझ्याकडे सरकवला. ‘शांत खोलीला तुमची संमती आहे. ही सही तुमचीच ना?’

माझीच. मे महिन्यातली. वीस पानं, पाच मिनिटं, दाराबाहेर पुढचे पालक ताटकळत होते – मी केली सही. नखं तिची, सही माझी! वाटलं, उठून पळावं.

बर्नडेटनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

‘सही माझीच आहे,’ मी म्हणाले. ‘न वाचता केली, ती चूकही माझीच. आता ती मागे घेते.’ आवाज उंदरासारखा निघाला. पण कोरा कागद मागितला, तिथंच लिहिलं, तारीख घातली, नक्कल घेतली.

हॅवरकँप बाईंचं हसू मावळलं. ‘मग ओपलला इथे ठेवणं अवघड होईल. साठ मैलांवर एक शाळा आहे...’

साठ मैल.

‘हे लेखी द्या,’ म्हटलं. ‘कारणासकट.’

कुणी पेन उचललं नाही. टोकाला कॉर्लिस बसली होती, दिवसभर ओपलला सांभाळणारी मदतनीस. पोरगी मान वर करेना. दार हिनंच धरलं असणार. मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

२५ ऑक्टोबर

ओपलला घरी ठेवलं. फोन वाजला की दचकते. ती नाही, मी.

२७ ऑक्टोबर

दुपारी दाराची बेल. कॉर्लिस! ये म्हटलं तरी आत येईना. ‘चौदा वेळा नाही,’ म्हणाली, ‘एकतीस वेळा. बाकीचं लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी माझ्यापाशी लिहून ठेवलं.’ कोटाच्या खिशातून एक छोटी वही काढून माझ्या हातात दिली. ‘कुणीही विचारलं तर सांगेन, मी लिहिलंय.’

ती गेल्यावर वही उघडली. ओपलशिवाय आणखी चार मुलांची नावं आहेत.